वाळू पांढरी असून भागत नाही

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘काचेच्या कच्च्या मालात फुटक्या काचेचं स्थान’. तिथवर जाऊच, पण आधी वाळूबद्दल बोलल्याशिवाय माझ्याच्याने पुढे सरकवणार नाही. काच वाळूपासून होते हे शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं, आणि पाठ असल्यामुळेच त्या वाळूकडे पुन्हा कोणी बघत नाही.

साध्या सोडा-लाइम काचेचा, म्हणजे बाटल्या-खिडक्यांच्या काचेचा, हिशेब तुम्हाला ठाऊकच आहे. 100 किलो काचेला ढोबळमानाने 70 किलो वाळू, 23 किलो सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट, ज्याला आपण नुसतं सोडा म्हणतो), 18 किलो डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडक), 6 किलो चुनखडी आणि 5 किलो फेल्डस्पार (अ‍ॅल्युमिना देणारं खनिज). बेरीज 122 होते, त्यातले वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून जातात. नुसती सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, वितळवायची तर 1,700 अंशांच्या वर जावं लागेल; सोड्यामुळे काम 1,500च्या आसपास होतं, आणि चुन्यामुळे ती काच पाण्यात टिकते.

आता वाळू. दाणा 0.1 ते 0.5 मिलिमीटरचा हवा. जाड दाणा वेळेत विरघळत नाही, पीठ झालेला भट्टीच्या झोतात उडतो. काचेला हिरवट छटा देणारं लोह किती चालेल? पारदर्शक बाटलीला 0.03 टक्क्यांच्या आसपास, सौर पॅनेलच्या काचेला 0.01, म्हणजे टनाला जेमतेम 100 ग्रॅम. दाण्यावरचा लोहाचा थर घासून धुता येतो. दाण्याच्या आत बसलेलं लोह निघत नाही.

आणि वाळू पांढरीशुभ्र दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. त्यात क्रोमाइटचा, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाचा, पाव मिलिमीटरचा एक काळा दाणा असला, तर तो अख्खी भट्टी पार करून बाटलीत ठिपका होऊन बसतो, आणि काच थंड होताना तडा तिथूनच जातो. शोधायचा कसा? वाळू ब्रोमोफॉर्म नावाच्या जड द्रवात टाका. क्वार्ट्झ, म्हणजे वाळूचा नेहमीचा दाणा, तरंगतो, क्रोमाइट तळाशी बसतो. पण नमुना काही किलोंचा घ्या. मूठभर वाळूत तो दाणा सापडला नाही म्हणजे ढिगात नाही, असं मुळीच नाही.

माझी खरी तक्रार मात्र ओलाव्याबद्दल आहे. वाळूत 4 टक्के पाणी आहे आणि काट्यावर 3 टक्के धरलंय, तर दर टनाला 10 किलो वाळू कमी पडली. सोडा तेवढाच. काच मऊ होते, तिच्यात रेघा दिसतात, आणि दोष भट्टीवाल्याच्या माथी! पाऊस पडून गेल्यावर ढिगाचा तळ आणि माथा यांचा ओलावा कधीच सारखा नसतो; प्रत्येक पाळीला मोजा. पाणी मुद्दामही घालतात, धूळ उडू नये आणि मिश्रणातले घटक वेगवेगळे होऊ नयेत म्हणून. तेव्हा मिश्रण 36 अंशांच्या वर ठेवा. त्याखाली सोडा ते पाणी आपल्या स्फटिकांत ओढून घेतो. वाळू कोरडीच राहते आणि मिश्रणाच्या गाठी होतात. अशुद्धी ठरावीक असेल तर तिचा हिशेब मांडता येतो. रोज बदलणाऱ्या मालाचा मांडता येत नाही, आणि हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

समोरून चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. फुटकी काच, म्हणजे कलेट, भरभर सांगून टाकू. 10 टक्के कलेट वाढवलं की भट्टीची ऊर्जा अडीच ते तीन टक्के वाचते, कारण कार्बोनेट फोडायची क्रिया त्यात आधीच होऊन गेलेली असते. पण तेही वाळूइतकंच तपासून घ्या. चिनी मातीचा तुकडा जसाच्या तसा बाहेर येतो. उष्णतारोधक भांड्यांच्या काचेचा तुकडा दिसायला बाटलीसारखाच, पण वितळत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं झाकण तर सिलिकातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि काचेत सिलिकॉनचे बारीक गोळे सोडतं. त्यांच्याभोवती काच फुटते. लोखंड चुंबकाने निघतं; अ‍ॅल्युमिनियमला एडी करंटचं, म्हणजे धातूत वीजप्रवाह निर्माण करून त्याला बाजूला ढकलणारं, यंत्र लागतं. हिरवं कलेट पांढऱ्यात गेलं की क्रोमियम गेलं, ते परत काढता येत नाही.

रंग घालवायला सेलेनियम आणि कोबाल्ट किती, ते राहिलंच. प्रश्नांमध्ये कोणीतरी नक्की विचारा.