तिकांडं डोक्यावर आलंय

श्रोते हो, नमस्कार.

दिवस वाईट गेला की कुणीतरी हमखास सांगतं, 'वर आभाळाकडे बघ, केवढं विश्व आहे! त्यात तुझं दुःख ते काय?' मला हा सल्ला कधीच लागू पडला नाही. साहेबांची बोलणी खाऊन, लोकलच्या दारात लोंबकळत घरी आलेल्या माणसाला आधीच आपण कस्पटासमान वाटत असतं. त्याला आणखी लहान करून काय साधणार? पण आभाळाकडे पाहून बरं वाटतं, हे मात्र खरं. ते ओळखीमुळे, असं मला वाटतं.

माझे वडील एका मोठ्या इस्पितळात होते तेव्हाची गोष्ट. जानेवारीचे दिवस. पेशंटजवळ एकालाच थांबू देत, बाकीचे नातेवाईक आवारात चटया टाकून पडायचे. शेजारी परभणीकडचे एक शेतकरी काका होते. मुलाला अपघात झालेला. मी सारखा मोबाइल काढून वेळ बघतोय हे पाहून ते पडल्या पडल्याच म्हणाले, "साडेदहा झाले असतील बघा. तिकांडं डोक्यावर आलंय." वेळ जवळजवळ बरोबर होती! शेतीपंपाची वीज रात्रीची, त्यामुळे हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत बांधावर उभं राहायचं आणि वर बघून रात्र किती उरली ते ठरवायचं, ही त्यांची रीतच. त्या परक्या शहरात त्यांच्या ओळखीचं दुसरं काही नव्हतं. तिकांडं मात्र शेतावर दिसतं तसंच इथेही होतं. थोड्या वेळानं काका घोरायलाही लागले. मला त्यांचा हेवा वाटला.

तिकांडं म्हणजे मृग नक्षत्राच्या पोटातले एका ओळीतले तीन तारे. मृगाला लागलेला बाणच तो. हरणाचे चार पाय म्हणजे भोवतीचे चार ठळक तारे. जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला आग्नेयेकडे तोंड करून मान चांगली वर करा, शहरातल्या गच्चीवरूनही हे सगळं दिसतं. तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की लखलखीत व्याध, म्हणजे बाण मारणारा शिकारी. वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकांकडे रोखून पाहिलं तर त्या पुसट होतात, जरा बाजूला पाहिलं की उजळतात. अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी नसतात, कडेला असतात, म्हणून.

या पेशींना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती सवय मोडते. म्हणजे साहेबांचा मेसेज पाहिलात की पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांना फोन न उचलण्याचं याहून शास्त्रीय कारण मला तरी ठाऊक नाही.

पुण्याकडच्या श्रोत्यांसाठी एक गंमत. हात लांब करून मूठ आडवी धरली तर ती साधारण दहा अंश आभाळ झाकते. उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठींच्या किंचित खाली ध्रुव. आता पाठ फिरवा. दक्षिणेला जवळजवळ तेवढ्याच उंचीवर अगस्त्य येतो, जानेवारीच्या मध्यावर रात्री अकराच्या आसपास. ध्रुव तिथून हलत नाही. अगस्त्य थोडा वेळ वर येऊन मावळतो. समोरच्या इमारती आड आल्या तर मात्र नाइलाज.

आणखी एक खेळ मुलांसोबत खेळता येईल. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांहून थोडा जास्त वेळ लागतो. तिसरी-चौथीतल्या मुलाला सांगा, तुझा जन्म झाला त्या सुमाराला निघालेला उजेड आज तुझ्या डोळ्यांत शिरतोय. सहावीतल्याला प्रश्वा दाखवा, तो साडेअकरा प्रकाशवर्षांवर. पुनर्वसूच्या जोडीतला जास्त तेजस्वी तारा चौतीस प्रकाशवर्षांवर, उत्तरेकडचा पिवळसर ब्रह्महृदय त्रेचाळीस. निवृत्त होऊन काही वर्षं झालेल्यांसाठी रोहिणी, सुमारे पासष्ट. कृत्तिकांचा उजेड तर सुमारे 440 वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा शिवाजी महाराजांच्या जन्मालाही चाळीसेक वर्षं अवकाश होता.

पंचविशीतल्यांची मात्र या ऋतूत थोडी पंचाईत आहे. त्यांचा तारा अभिजित, आणि तो संध्याकाळी दिसायला पावसाळ्याच्या आसपासचे महिने यावे लागतात. तोवर थांबवत नसेल तर जानेवारीत पहाटे उठून ईशान्येला पाहा.

नमस्कार.