पत्र्याच्या पोटातले पाणी : कृष्णा रेड्डी यांची मुद्राचित्रे

पडद्यावर दिसणारे हे मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेले चित्र, १९६३ सालचे आहे. कृष्णा रेड्डी यांनी पॅरिसमध्ये केलेल्या या चित्राचे नाव आहे ‘व्हर्लपूल’, म्हणजे भोवरा. असंख्य बारीक रेषा एका केंद्राकडे ओढल्या जात आहेत आणि त्यांच्यामधून अनेक छटा झिरपत आहेत. हे सगळे रंग एकाच धातूच्या पत्र्यावरून, प्रेसमधून एकदाच काढलेल्या कागदावर उमटले आहेत, हे सांगितल्याशिवाय सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आजच्या आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात १९२५ साली जन्मलेले रेड्डी शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. निसर्गात जाऊन चित्र काढणे हा तेथील शिक्षणाचा गाभा होता, आणि फांदी कशी दिसते याइतकेच ती कशी वाढते याकडे लक्ष देण्याची सवय तेथे लागत असे. पुढे पॅरिसला ओसिप झादकिन आणि मिलानला मारिनो मारिनी यांच्याकडे त्यांनी शिल्पकलेचे धडे घेतले. ही शिल्पकाराची दृष्टी नंतर पत्र्यावरही उतरली.

१९५०च्या दशकाच्या आरंभी ते मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या ‘आतेलिए १७’ या पॅरिसमधील कार्यशाळेत दाखल झाले. हेटर स्वतः रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेले असल्याने तेथे शाई, तेल आणि आम्ल यांच्याकडे प्रयोगशाळेतल्या नजरेने पाहिले जाणे साहजिक होते.

इंटॅग्लिओ पद्धतीत उमटायची रेषा पत्र्यात खोल असते. ती ब्युरिनने, म्हणजे टोकदार पोलादी कोरणीने, कोरलेली किंवा आम्लाने खाल्लेली असते. पत्र्यावर शाई चोळून वरचा भाग कापडाने पुसला की ती चरांमध्येच उरते, आणि प्रेसच्या दाबाखाली ओलसर कागद चरांत शिरून तिला उचलून घेतो. अडचण रंगांची होती, कारण रूढ पद्धतीत बहुतेक वेळा प्रत्येक रंगासाठी वेगळा पत्रा करावा लागे आणि सगळे पत्रे तंतोतंत जुळवून कागद पुन्हा पुन्हा छापावा लागे.

रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कैको मोती यांनी या कार्यशाळेत घडवलेली पद्धत शाईच्या दाटपणावर चालते. पत्रा आधी शिल्पासारखा उंचसखल कोरला जातो. चरांतली शाई भरून झाली की जवसाच्या तेलाने पातळ केलेली दुसरी शाई टणक रोलरने फिरवली जाते; हा रोलर दबत नसल्याने ती केवळ सर्वांत उंच भागांवर बसते. मग मऊ रोलर दाट शाई घेऊन खोलगट भागांत उतरतो, आणि वाटेत तेलकट शाई लागलीच तर ती दाट शाईला आपल्यावर बसू देत नाही. तेलाचे प्रमाण किंचित बदलले, रोलरचा क्रम फिरवला किंवा उकाड्याने शाई सैल झाली, तर त्याच पत्र्यावरून वेगळेच चित्र निघते.

रेड्डी यांच्या रंगांचे कौतुक फार होते. आमच्या मते आधी पत्रा पाहायला हवा. १९५२ सालच्या ‘इन्सेक्ट’ आणि ‘फिश’ या चित्रांत नावाप्रमाणे कीटक आणि मासा हेच विषय आहेत. १९६३ सालच्या ‘वेव्ह’ आणि ‘स्प्लॅश’पर्यंत येताना वस्तू मागे पडते आणि तिला घडवणारी हालचाल विषय होते. जमिनीचा उतार पाण्याला वाट दाखवतो, तसे पत्र्यावरचे खळगे येथे शाईला वाट दाखवतात. निसर्गाच्या रूपांवरून प्रेरणा घेणारे चित्रकार पुष्कळ आहेत, पण साधनालाच निसर्गाच्या रीतीने वागायला लावणारे विरळा.

१९६८ साली पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले, त्या वर्षीच्या ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’मध्ये माणसे आली, पद्धत मात्र तीच राहिली. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७६ पासून ते न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले, तेथे त्यांनी मुद्राचित्रण शिकवले आणि २०१८ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांची मूळ प्रत पाहण्याची संधी मिळाली, तर ती समोरून पाहून झाल्यावर एकदा बाजूने, तिरक्या उजेडातही पाहावी. खोल कोरलेल्या चरांत शिरलेला कागद त्या जागी फुगून वर आलेला असतो, आणि हा उंचवटा आमच्या कॅमेऱ्यात नीट येत नाही.