वाढत्या वासराला आधी पेंड, मग भरडा

मंडळी, आपल्या मुरबाड-शहापूरकडे भात झोडून झाला की दारोदारी पेंढ्याच्या गंजी लागतात आणि मग पाऊस पडेपर्यंत कालवडी आणि पारड्या त्याच्यावरच, फार तर सोबत माळावरचं वाळलेलं गवत. दुभत्या म्हशीला खुराक असतो, पण वाढत्या वासराला कोण घालतंय? आणि अंगाची सगळी घडण तर ह्याच वयात होत असते, म्हणून मला आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

भाताच्या पेंढ्यात प्रोटीन असतं जेमतेम 3-4 टक्के. कोठीपोटातले, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले जंतू चारा पचवतात, त्यांना खाण्यात निदान 7 टक्के तरी लागतं. तेवढं मिळालं नाही की पेंढा पोटात तसाच पडून राहतो, पचतही नाही, पुढेही सरकत नाही, मग जनावर आणखी खाणार कुठून, पोट मोठं दिसतं आणि बरगड्याही दिसतात.

मग बरेच जण मक्याचा भरडा चालू करतात, स्वस्त पडतो म्हणून. आता हिशोब बघा, 150 किलोचं वासरू समजा 3 किलो पेंढा खातं, म्हणजे प्रोटीन साधारण 120 ग्रॅम. वर 1 किलो मका घातला तर फक्त 90 ग्रॅम वाढलं, 4 किलो खाण्यात सव्वापाच टक्केच झालं ना! त्यात मक्यातला स्टार्च पोटात झटपट आंबतो, आंबटपणा वाढला की चारा पचवणारे जंतू मंदावतात आणि वासरू पेंढा कमी खायला लागतं. त्याऐवजी अर्धा किलो शेंगदाणा पेंड घाला, 200 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, टक्केवारी 9 वर जाते, आणि पेंढाही जास्त खाल्ला जातो. परदेशात मांसासाठी वाढवायच्या जनावरांवर ह्याचे भरपूर प्रयोग झालेत, आपल्या कालवडीचं पोटही तसंच चालतं.

भरडा वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये हां. प्रोटीनपासून पोटात अमोनिया होतो, तो वापरायला जंतूंना ताकद लागते, नाहीतर तो लघवीवाटे वाया जातो. म्हणून पेंड चालू झाल्यावर अर्धा किलो भरडा किंवा गव्हाचा कोंडा द्या, दोन वेळात वाटून, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. खनिज मिश्रणही हवंच, पेंढ्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

पेंड परवडत नसेल तर पेंढ्यावरच युरियाची प्रक्रिया करा, म्हणजे जंतूंची गरज त्यातून भागते. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून प्लास्टिकने हवाबंद करायचं आणि 3 आठवडे उघडायचं नाही. नंतर काढून आधी वास जाऊ द्यायचा, मगच गव्हाणीत. 6 महिन्यांखालच्या वासराला हा पेंढा नको, आणि युरिया पाण्यात कालवून पाजायचा तर कुणालाच नाही, जनावर तासाभरात दगावू शकतं. पेंडीला बुरशी दिसली तर तीही फेकूनच द्या, धुऊन-वाळवून बुरशीचं विष जात नाही.