वेळासची टोपली

श्रोते हो, नमस्कार.

नागझिऱ्याच्या आसपास राहणाऱ्या आम्हा लोकांना पाहुणा भेटला की एकच प्रश्न विचारायची खोड: "दिसला का?" वाघाबद्दल विचारतोय, हे सांगावंही लागत नाही. यंदा रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, म्हणजे नाना फडणवीसांच्या मूळ गावी, कासवाची पिल्लं पाहायला गेलो. परत आल्यावर पारावर हाच प्रश्न. दिसली, बाप्पा. पण पहिल्या संध्याकाळी एकही नाही.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्याच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी दीड फुटाचा खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि जाते. पुन्हा फिरकून पाहत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलीसुरली कुत्री-कोल्ही फस्त करायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन हे थांबवत आणलं. आता गावातले कासवमित्र पहाटे किनाऱ्यावर मादीचा माग काढतात, काठीनं वाळू चाचपून घरटं शोधतात आणि अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, गार राहिली तर नर.

पन्नासेक दिवस होत आले की त्या जागेवर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ ती उचलायची. आम्ही गेलो त्या संध्याकाळी खाली नुसती वाळू. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली तर काळपट पिल्लांची नुसती वळवळ, एकेक जेमतेम दोन बोटं रुंद. त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात, पुढं चालायचं त्यांनीच. आपण दोरीच्या मागे बसायचं. एक पिल्लू लाटेनं दोनदा उलटं फेकलं, तरी तोंड समुद्राकडेच.

कासवाला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. पण माझ्या मते खरी राखण होते ती घराघरांतल्या मुक्कामामुळं. २००६ पासून कासव महोत्सव भरतो, पाहुणे गावातच उतरतात, पैसा गावात राहतो. (जेवण उत्तम, फक्त आपल्या जिभेला तिखट कमी पडतं.) जायचं तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जा, आधी फोन करा आणि दोन रात्री हाताशी ठेवा. पिल्लू हातात घेऊन फोटो मागू नका, कोणी देणार नाही.

कासव नदीतलं असलं तरी अंडी घालायला त्याला जमिनीवरच यावं लागतं. आपल्या वैनगंगेच्या काठावरही तेच. रेतीघाटाचा लिलाव निघाला की ट्रॅक्टर किती, ब्रास किती, रस्ता कुणाच्या शेतातून, यावर गावात रात्र-रात्र बोलणं होतं. त्यात कासवाचं नाव निघालेलं मी तरी अजून ऐकलं नाही. येत्या ग्रामसभेत मी ते काढणार आहे.

नमस्कार.