सेट पाठवा

श्रोतेहो, नमस्कार.

आज सकाळपासून तुमच्या घरात 'सेट' हा शब्द किती वेळा आला, जरा आठवून बघा. अलार्म सेट केला होता का, असं कुणीतरी कुणालातरी विचारलं असेल. लग्नघर असेल तर मोत्यांचा सेट. बांधकाम चालू असेल तर गवंडी म्हणाला असेल, स्लॅब सेट होऊ दे, मग वर जा. पोरगा पुण्यात नोकरीला चिकटला की तो 'सेट झाला'. पोरगीला प्राध्यापक व्हायचं असेल तर तिची सेट-नेट. ही परीक्षेची सेट म्हणजे नुसती आद्याक्षरं आहेत, ती या घराण्यातली नव्हे. आणि हल्ली दहीसुद्धा सेट होतं.

दह्याचं मात्र मला बोलायचंच आहे. दही लागतं हो! लागलं का दही, असं विचारत पातेल्यावरची ताटली हळूच उचलायची, कडेनं पाणी सुटलंय का बघायचं. 'लागलं' हा इतका नेमका शब्द घरात असताना दही सेट कशाला करायचं? आणि गाडग्यात लावा. स्टीलच्या डब्यातल्या दह्याला ती चव येत नाही.

असो. आपला विषय सेट. इंग्रजीचा जो मोठा ऑक्सफर्ड शब्दकोश आहे, त्याच्या १९८९ सालच्या वीस खंडांच्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे ४३० अर्थ दिले आहेत. चारशे तीस! त्या नोंदीतच सुमारे ६०,००० शब्द आहेत. पुढे 'रन' या शब्दानं त्याला मागं टाकलं, पण सेट काही लहान झाला नाही.

एवढे अर्थ आले कुठून? मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. एक सेट इंग्रजीचा घरचा, 'सिट'चा भाऊ. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. दुसरा सेट जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचं मूळ लॅटिनमधला 'सेक्टा', म्हणजे एकाच्या मागून चालणाऱ्यांचा गट, पंथ. कपबश्यांचा सेट, दागिन्यांचा सेट हा या दुसऱ्या घरातला. उच्चार सारखा, म्हणून दोघं एकमेकांत मिसळून गेले. पुन्हा सांगते, सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मा शब्दकोश हातात आला. कारण आपण बसवतो किती गोष्टी! गणपती बसवतो, मोटर बसवतो, अंगठीत खडा बसवतो, नाटक बसवतो.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलांकडून 'सेट म्हणजे संच' असं घोकून घेणं मला कधीच पटलं नाही. शेजारी कोणता शब्द बसलाय ते बघितल्याशिवाय अर्थ सांगूच नये. आणि शब्द कुणाच्या कानावर पडतोय, तेही बघावं लागतं. हे मला कोशानं शिकवलं नाही. आमच्या गावच्या यात्रेनं शिकवलं.

आमचं गाव कृष्णाकाठचं, भिलवडीच्या अलीकडे. मी तेव्हा चौथीत होते. चैत्रातली यात्रा, आणि यात्रेत नाटक ठरलेलं. सांगली जिल्ह्यात नाटकाचं वेड कुणाला नवीन नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीतच. त्या वर्षी आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. महालाचा रंगवलेला सेट सांगलीहून भाड्यानं यायचा होता. इसार देऊन झाला होता. आदल्या संध्याकाळपर्यंत टेंपो यायचा, तो आलाच नाही.

दादांचे मामा सांगलीला लागूनच असलेल्या सांगलीवाडीला राहायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. दादांनी पहाटे चिठ्ठी लिहिली आणि पहिल्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिली. चिठ्ठीत चारच वाक्यं: 'आबा, सेट आजच पाठवा. बसवायला माणूस पाठवा. सगळं अडून राहिलंय. पैशाचं नंतर बघू.'

आता आबांच्या बाजूनं ही चिठ्ठी वाचा. आबा ऊसवाले. नाटकाचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. चैत्राचं ऊन, विहिरी तळाला गेलेल्या, आणि भाचा लिहितोय सेट पाठवा, बसवायला माणूस पाठवा. पंप बनवणारी किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या शेतकऱ्याच्या कानाला सेट म्हणजे काय? पंपसेट!

दुपारी चारला देवळासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन थांबली. आम्ही पोरं पळतच गेलो. आत रंगवलेले खांब नव्हते, महिरप नव्हती. पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन, त्याला जोडलेला पंप, काळा सक्शन पाईप आणि टोकाला फूटव्हॉल्व्ह. त्याला ओली माती अजून चिकटलेली होती. शेजारी पान्यांची पिशवी घेऊन फिटर.

फिटरनं उतरून विचारलं, "मालक, कुठं बसवायचा?"

दादा गप्पच. कुणीतरी म्हणालं, "हितंच, देवळाम्होरं."

फिटर इकडंतिकडं बघत म्हणाला, "पर हितं पाणी कुठाय?"

सगळं गाव हसलं. दादांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं, मी जवळच उभी होते. मग आईनं आणि शेजारच्या काकूंनी इरकली लुगडी आणून बांबूंना बांधली, तो महाल झाला. आणि इंजिन? ते फिटरनंच चार माणसं लावून रंगमंचावर चढवलं, पाठीमागं फळी उभी केली. त्यावर आमची गोधडी, गोधडीवर शाल. महाराज रात्रभर त्या पंपसेटवर बसले! पहिल्या रांगेपर्यंत डिझेलचा वास येत होता. फिटर विंगेत पेट्रोमॅक्सला पंप मारत बसला होता, आणि ट्रॉलीवर बसून आलेले आबा पुढच्या सतरंजीवर मांडी घालून नाटक बघत होते. एका शब्दानं काही बोलले नाहीत. उजाडताच इंजिन ट्रॉलीत घातलं आणि गेले.

दादांना वाटलं होतं, दुरुस्तीच्या दुकानातून कुठलातरी सेट आणला असेल. आबा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी मामीआजीनं मला सांगितलं. तो त्यांचा चालता सेट होता. नदीवरचे फाउंडेशन बोल्ट सोडवून काढलेला. परत बसवून पाणी सुरू व्हायला तिसरा दिवस उजाडला, आणि तोवर उसाची नवी लागण तशीच उन्हात होती.

मी म्हटलं, "अगं, मग एकदा विचारून घ्यायचं की, कुठला सेट म्हणून."

मामीआजी म्हणाली, "मीबी त्येच म्हटलं हुतं. तर मला म्हणालं, भाच्यानं अडलंय म्हणून लिवलंय, आता कुठला सेट ते इचारत बसू व्हय?"

नमस्कार.