नजर बसेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी मी आमच्याच जिन्यावरून पडता पडता वाचले. वीस वर्षं रोज पायाखालचा जिना. पण त्या दिवशी डोळ्यांवर नवा चष्मा होता. शेवटची पायरी मोठी, पुसट आणि वर आल्यासारखी दिसली आणि माझा पाय चुकला. कठडा हाताशी होता म्हणून निभावलं.

मी सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते. हातात चलन, समोर कॉम्प्युटर आणि काचेपलीकडे चालू माग, अशी दिवसभर नजर तीन अंतरांवर फिरते. वय ४७. आपल्या भाषेनं या वयातल्या नजरेला वयावरूनच नाव दिलंय, चाळिशी. डोळ्यातलं भिंग तरुणपणी लवचिक असतं, जवळचं बघताना ते फुगतं. वयानुसार ते ताठ होत जातं. मग आपण पेपर लांब धरायला लागतो आणि एक दिवस हातच पुरत नाही.

डॉक्टरांनी मला प्रोग्रेसिव्ह चष्मा सांगितला. १९५९ साली फ्रान्समध्ये अशा काचा बाजारात आल्या. वर लांबचा नंबर, मध्ये कॉम्प्युटरच्या अंतराचा, खाली वाचायचा, आणि कुठेही रेघ नाही. पण ही सोय फुकट मिळत नाही. काचेच्या खालच्या दोन्ही बाजूंना चित्र ताणलं जातं, तिथून बघितलं की दाराची चौकटसुद्धा वाकते. म्हणून बाजूला बघायचं तर नुसते डोळे फिरवू नका, मान वळवा. जिना उतरताना हनुवटी छातीकडे घ्या, म्हणजे पायरी काचेच्या वरच्या भागातून दिसेल. वाचताना मात्र मान सरळ ठेवून नजर तेवढी खाली न्या. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर जिन्यावरचा तो प्रसंग टळला असता.

साध्या चष्म्याचा नंबर बदलला तरी सुरुवातीला गरगरतं. सिलिंडरचा, म्हणजे काचेच्या एकाच दिशेतला नंबर बदलला की सपाट फरशीही उतरती वाटते. मान हलली की समोरचं दृश्य किती सरकायला हवं, याचा मेंदूचा हिशेब जुन्या काचांवर बसलेला असतो. तो नव्यानं बसायला काही दिवस लागतात, कधी दोन आठवडे. तोवर सकाळी उठल्यापासून नवाच चष्मा घाला. मधूनमधून जुना घातला की सवय लांबते. गाडी चालवायची मात्र घाई करू नका.

माझे तीन आठवडे गेले तरी काचेपलीकडचे माग धूसरच. लांबचं नीट दिसायला हनुवटी खाली घालावी लागे, संध्याकाळी मान भरून यायची. दुकानात गेले की एकच उत्तर, "ताई, होईल सवय." शेवटी दुसऱ्या एका दुकानात दाखवला. तिथला मुलगा माझ्यासमोर स्टूल ओढून बसला, त्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत आणले आणि काचेवर पेनानं दोन ठिपके दिले, बरोबर बुबुळांसमोर. मग काचेवरची मूळ खूण, म्हणजे जिच्यासमोर बुबुळ यायला हवं ती जागा, मोजली. ती ठिपक्यांपेक्षा चार मिलिमीटर वर होती! ठिपके दाखवल्यावर पहिल्या दुकानानं काचा बदलून दिल्या आणि आठवड्याभरात नजर बसली.

मला आईची फार आठवण आली. आई बिड्या वळायची. तिनं गड्ड्याच्या जत्रेतून चष्मा आणला होता. घालून बघायचा, तेंदूच्या पानावरची शीर दिसली की तोच घ्यायचा. तयार चष्म्यात दोन्ही काचा सारख्याच नंबरच्या. डोकं दुखायला लागलं म्हणून तिनं तो ट्रंकेत टाकला आणि आयुष्यभर म्हणत राहिली, "मला नाही जमत बाई चष्मा." पुढे मोतीबिंदूसाठी तपासणी झाली तेव्हा कळलं, तिच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक होता. न जमणारा तो चष्मा होता हो, माझी आई नव्हे.

म्हणून सांगते, दोन आठवडे नेटानं घाला. तरीही त्रास असेल तर चष्मा आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही घेऊन परत जा, मापं पुन्हा घ्यायला लावा. संकोच करू नका, पैसे मोजलेत तुम्ही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असतानाच नंबर काढा, साखर वरखाली झाली की नंबरही हलतो. आणि अचानक एकाचे दोन दिसले, डोळ्यासमोर पडदा आला किंवा वीज चमकल्यासारखं झालं, तर चष्म्याला दोष देत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आमच्या कारखान्यात मागावर एक अण्णा आहेत. तुटलेली सुताची तार जोडताना ते हल्ली शेजारच्या पोराला हाक मारतात. परवा विचारलं तर त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला चष्मा काढला. सहा महिन्यांपूर्वीचा, काचांवर एक ओरखडा नाही. म्हणाले, "नाही जमत ओ ताई." येत्या सुट्टीला आम्ही दोघं तो चष्मा घेऊन त्या स्टूलवाल्या मुलाकडे जाणार आहोत.

नमस्कार.