मादीवर बंदूक रोखताना

[दृश्य: पहाटेचं रान. पानगळ झालेली झाडं, जमिनीवर हिम.]

थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरचा शनिवार. अमेरिकेच्या पेनसिल्वेनिया राज्यात बंदुकीनं हरणाची शिकार आजपासून खुली होते. उजाडायला अवकाश आहे, पण रानातल्या कच्च्या रस्त्यांच्या कडेला गाड्या कधीच लागल्या आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर भडक नारिंगी कापड. ते कायद्यानं घालावंच लागतं, म्हणजे एका शिकाऱ्याला दुसरा लांबून ओळखू येतो.

मचाणावर बसलेल्या माणसासमोर तीन हरणं येतात. पुढे मोठी मादी, मागे दोन पिल्लं. शिंगं एकालाही नाहीत. माणसाच्या खिशात बिनशिंगी हरणाचा, म्हणजे मादी किंवा पाडस मारायचा, परवाना आहे, त्यामुळे कायदा आड येत नाही. तरीही बोट चापाच्या बाहेरच राहतं. असं अडलेलं बोट या राज्यात शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि त्याची कारणं हलकी नाहीत.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच बंद झाला. त्यामुळे हे दृश्य पाहून आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो, मारायचंच कशाला? पेनसिल्वेनियातल्या शिकाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याला विचार करायचा असतो तो कुणाला मारायचं आणि कुणाला सोडायचं याचा.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. तोडलेले डोंगर, लाकडाचे ओंडके.]

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथलं हरीण जवळजवळ संपलं होतं. मांस आणि कातडी बाजारात विकायला लोकांनी बेसुमार मारलं, आणि त्याच काळात लाकडासाठी डोंगरच्या डोंगर उघडेबोडके झाले. १८९५ मध्ये राज्यानं गेम कमिशन, म्हणजे वन्यप्राणी आणि शिकार यांचा कारभार पाहणारं खातं, नेमलं. १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून रानात सोडायला सुरुवात झाली. पाठोपाठ १९०७ मध्ये कायदा आला: मारायचा तो शिंगवाला नर, मादीला हात लावायचा नाही.

कायदा कमालीचा यशस्वी झाला. त्यामागचं गणित सरळ होतं. एक नर एका हंगामात अनेक माद्यांना फळवतो. नर कमी झाले तरी माद्या गाभण राहतातच. पांढऱ्या शेपटीच्या या हरणाची प्रौढ मादी चांगल्या चाऱ्यावर बहुतेकदा जुळी देते. चारा मुबलक असेल तर वर्षही न भरलेली काही पाडसं पहिल्याच हिवाळ्यात गाभण राहतात. लांडगा आणि प्यूमा या राज्यातून आधीच नाहीसे झालेले. तोडलेल्या डोंगरांवर कोवळी झाडं फुटत होती, हरणाच्या तोंडाला येईल एवढ्या उंचीची. खायला भरपूर आणि खाणारं कुणी नाही, अशा रानात कळप दोन-तीन वर्षांत दुप्पट होऊ शकतो. तसंच झालं.

त्या पिढीच्या माणसांनी रिकामं रान पाहिलं होतं. मादी सोडायची, हे त्यांनी मुलांना शिकवलं, मुलांनी नातवंडांना. त्यात हिशोब होता, पण माया जास्त होती. पिल्लांच्या आईवर बार टाकणारा माणूस शिकारी म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, असं मानणारी घरं इथं होती आणि आजही आहेत. मला या भावनेला नावं ठेवायची नाहीत. तिच्यामुळेच हरीण वाचलं.

पण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच रानाचा ताळा चुकायला लागला. कोवळी झाडं उंच गेली, पाला तोंडाच्या वर गेला, आणि कडक हिवाळ्यात हरणं उपाशी मरायला लागली. १९२८ मध्ये गेम कमिशननं नरांची शिकार बंद ठेवून फक्त बिनशिंगी हरणांचा हंगाम काढला. लोक खवळले. १९३८ मध्ये पुन्हा तसाच हंगाम झाला आणि दीड लाखाहून जास्त बिनशिंगी हरणं मारली गेली. तो राग घराघरांत मुरला.

कमिशनच्या संशोधन विभागाचे प्रमुख रॉजर लेथम हे माद्या कमी केल्याशिवाय रान सावरणार नाही, असं उघडपणे सांगत राहिले. १९५७ मध्ये त्यांना नोकरीवरून काढलं गेलं. पुढे ते पिट्सबर्गच्या एका वृत्तपत्रात रानावनाबद्दल लिहीत राहिले.

[दृश्य: पेनसिल्वेनियातल्या ॲलिगेनी पठारावरचं जंगल. उंच झाडं, खाली नजर पोहोचेल तिथवर नेच्यांचा हिरवा गालिचा.]

हे जंगल नीट बघा. पहिल्या नजरेला सुंदर दिसतं. वर ब्लॅक चेरी आणि मेपलचा मांडव, खाली गुडघाभर नेचे. आता या दोन्हींच्या मधलं काहीतरी शोधा. माणसाच्या उंचीचं झाड, कमरेइतकं रोप, रानफुलाचा एखादा गड्डा. सापडत नाही. हरणाला नेचे आवडत नाहीत, म्हणून ते उरले. ओकची रोपं, मेपलची रोपं, ट्रिलियमची फुलं, हॉबलबुशची झुडपं, जे जे गोड लागतं ते उगवल्या उगवल्या खुडलं गेलं. मग नेच्यांची सावली इतकी दाट झाली की पडलेलं बीही रुजेना. वरची म्हातारी झाडं उद्या पडली, तर त्यांची जागा घ्यायला खाली कुणी नाही.

अमेरिकेच्या वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी याच पठारावर मोठमोठी कुंपणं घालून दहा वर्षं प्रयोग केला. कुठे चौरस मैलामागे दहा हरणं, कुठे वीस, कुठे चाळिसाच्या आसपास, कुठे साठाच्या वर. हरणं वाढली तशी रोपांची विविधता घटत गेली. पक्ष्यांचंही तेच झालं. जमिनीवर किंवा अगदी शेंड्यावर घरटं करणारे तगले, पण मधल्या उंचीवर राहणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या जाती सगळ्यात दाट कळपाच्या कुंपणात २७ टक्क्यांनी कमी भरल्या. हरणानं पक्ष्याला हात लावला नव्हता. घरट्याची फांदीच खाल्ली होती.

अशा कुंपणाच्या कडेला उभं राहिलं की कुठल्याही तक्त्याची गरज उरत नाही. जाळीच्या आत अंगाला घासणारी दाटी, बाहेर नेचे. जमीन तीच, पाऊस तोच.

[दृश्य: शाळेच्या सभागृहातली जाहीर सभा. खच्चून भरलेल्या खुर्च्या.]

१९९९ मध्ये गॅरी ऑल्ट यांच्याकडे राज्यातल्या हरणांची जबाबदारी आली. त्याआधी ते अस्वलांचे अभ्यासक म्हणून घरोघरी माहीत होते. त्यांनी गावोगाव फिरून हेच जंगल लोकांना पडद्यावर दाखवलं. तोवर रीत अशी होती की आधी दोन आठवडे नरांचा हंगाम आणि नंतर डिसेंबरात तीन दिवस माद्यांचे. २००१ पासून दोन्ही एकत्र झाले. २००२ मध्ये कोवळे नर वाचावेत म्हणून शिंगाला किमान तीन टोकं हवीत, पश्चिमेकडच्या काही भागांत चार, असा नियम आला. त्या वर्षी राज्यात पाच लाखांहून जास्त हरणं मारली गेली.

काही जणांनी ऑल्ट यांना डोक्यावर घेतलं, काही जण त्यांच्या जिवावर उठले. काही सभांना ते गोळीरोधक जाकीट घालून जात. शिकाऱ्यांची एक संघटना कोर्टात गेली. २००४ संपता संपता ऑल्ट यांनी पद सोडलं.

विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि चूकही. उत्तरेकडच्या डोंगराळ जिल्ह्यांत आजोबांच्या काळापासूनचे कॅम्प आहेत, म्हणजे लाकडी खोपटी, जिथे वर्षातून एकदा अख्खं कुटुंब जमतं. पूर्वी पहिल्या दिवशी डझनावारी हरणं दिसायची. आता दिवस दिवस बसून एकही दिसत नाही, पोरं कंटाळून पुढच्या वर्षी येत नाहीत, आणि कॅम्पचं दार कायमचं लागतं. रान सुधारायला वीस-तीस वर्षं लागतात. कॅम्प तुटायला दोन हंगाम पुरतात. शिवाय ज्या रानाची खाऊन खाऊन रया गेली आहे, तिथे थोडी हरणंसुद्धा जास्त ठरतात, ही गोष्ट रिकाम्या हातानं घरी जाणाऱ्याला पटवणं फार अवघड.

[दृश्य: गुलाबी पाकीट. टपालपेटी.]

हे पाकीट इथल्या प्रत्येक शिकाऱ्याच्या ओळखीचं. मादीचा परवाना हवा तर अर्ज गुलाबी पाकिटात घालून जिल्ह्याच्या खजिनदाराकडे टपालानं धाडायचा आणि उत्तराची वाट बघायची. परवाने मोजके, आले तसे संपायचे. २०२३ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि परवाने ऑनलाइन मिळायला लागले. पहिल्याच दिवशी इतकी गर्दी उसळली की लोक तासन् तास रांगेत अडकले. काही जण मात्र हा परवाना घेऊन मुद्दाम वापरत नाहीत. तेवढी एक मादी वाचली, असा त्यांचा हिशोब.

मादी मारायचं ठरवलं तरी पुढचा विचार उरतोच. पिल्लांचं काय? नोव्हेंबर संपताना ती सहा महिन्यांची असतात, दूध सुटलेलं असतं, आईवाचून जगू शकतात. पोटातल्या जिवाचं काय? माज नोव्हेंबरच्या मध्याला भरात असतो, म्हणजे हंगामात बऱ्याच माद्या गाभण असतात, पण गर्भ इतका लहान की डोळ्यांना दिसत नाही. जानेवारीपर्यंत चालणाऱ्या, गारगोटीच्या ठिणगीनं बार उडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या हंगामात तो दिसतो. पोट फाडताना तो हाताला लागला की मुरलेला शिकारीही गप्प होतो. काही जण म्हणूनच ठरवतात: मादी घ्यायची तर लवकर घ्यायची, नाहीतर नाही.

आणि समोर आहे ती खरंच मादी आहे का? सहा महिन्यांच्या नराला शिंगं फुटलेली नसतात, कपाळावर कातडीखाली नुसती दोन गुठळ्यांएवढी उंचवटी असते. पाडसाचं तोंड आखूड, डोकं चौकोनी. प्रौढ मादीचं तोंड लांबट. दोघं शेजारी उभे असले तर फरक कळतो. एकटंच बिनशिंगी हरीण समोर आलं, तर जाणते थांबतात, कारण एकटं भटकणारं बरेचदा तेच लहान नर निघतं.

मला विचाराल, तर मादी सोडावी की घ्यावी याचं एक उत्तर अख्ख्या राज्याला लावणं हीच इथली जुनी चूक आहे. १९०७ मध्ये एक सरसकट उत्तर होतं, १९३८ मध्ये दुसरं. मचाणावर चढायच्या आधी शिकाऱ्यानं खाली बघावं. कमरेइतकी ओकची रोपं दिसतात का? झुडपांचे शेंडे शाबूत आहेत की कुरतडलेले? रोपं वर येत असतील तर मादी खुशाल सोडावी, त्यात कुणाचा धर्म बुडत नाही. नुसते नेचे असतील, तर आजोबांची शिकवण आजोबांच्याच रानाला मारते आहे.

विदर्भात रात्रभर रोही आणि रानडुकरं राखत बसणाऱ्या शेतकऱ्याला कळप वाढणं म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की पेनसिल्वेनियात पिकाच्या जोडीला खुद्द जंगलच खाल्लं जातं आहे, आणि जंगलाचा पंचनामा करायला तलाठी येत नाही.

[दृश्य: खाटकाचं दुकान. टेबलावर हरणाचं डोकं, टॉर्चच्या उजेडात जबडा.]

हंगामात कमिशनची माणसं हरणं कापणाऱ्या दुकानांतून फिरतात. दातांची झीज बघून वय ठरवतात, नर की मादी ते नोंदवतात. वसंतात रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या माद्यांचे गर्भ मोजले जातात. १९९१ पासून चालणाऱ्या एका योजनेतून शिकारी जादाचं मांस अन्नपेढ्यांना देतात. ज्याला दुसरी मादी खायला घरात माणसं नाहीत, त्याची अडचण त्यातून सुटते. हे सगळे आकडे आणि रानातल्या रोपांची पाहणी एकत्र होते, आणि एप्रिलच्या सुमारास राज्याची राजधानी हॅरिसबर्गमधल्या कमिशनच्या बैठकीत प्रत्येक विभागाला पुढच्या हंगामासाठी बिनशिंगी हरणाचे किती परवाने द्यायचे ते ठरतं. बैठकीत बोलायला सामान्य शिकाऱ्यालाही वेळ मिळतो. दर वर्षी कुणीतरी उभं राहून परवाने कमी करा म्हणतं, आणि कुणीतरी आपल्या रानातल्या रोपांबद्दल बोलतं.